गायकवाडला काय म्हणायचं?

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई विचारते, "तुम्ही कुठं असता कामाला?" मी म्हणते, "नांदेडला. मोबाईलचे गेम करतो आम्ही." मग ती बाई हातातला घास तसाच ठेवून माझ्याकडं बघते. "अगंबाई, म्हणजे आमची लेकरं बिघडवणाऱ्या तुम्हीच का?" अशा किती पंगती उठल्या, पण या प्रश्नाला धड उत्तर काही मला देता आलं नाही. संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हटलं तेव्हा वाटलं, चला, एकदाचं समजावून टाकू. लिहायला बसले आणि कळलं की समजावण्यासारखं फार थोडं आहे, लाज वाटण्यासारखं मात्र बरंच आहे. तेव्हा आधी समजावते, मग लाजेचं बघू.

मी स्क्रिप्ट लिहिते. नाटक-सिनेमाची नव्हे, गेमची. गेमचं मूळ यंत्र तयार मिळतं. माणूस चालला की पाय हलणं, उडी मारली की परत जमिनीवर येणं, हे सगळं ते यंत्र बघून घेतं. पण बाजारातल्या बाईनं कधी बोलायचं, बैलानं कधी रुसून बसायचं, पाटलाच्या कुत्र्यानं कुणावर भुंकायचं, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगायची एक छोटीशी भाषा असते, आणि तिच्यात जी वस्तू मी दिवसभर वापरते तिचं नाव स्विच.

दिव्याचं बटण डोळ्यासमोर आणू नका. औशाच्या बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसलेला माणूस आणा. तुम्ही गावाचं नाव घेता, तो तोंडातलं पान न हलवता फलाट सांगतो. लातूर म्हटलं की एक फलाट, सोलापूर म्हटलं की दुसरा. त्याच्या यादीत नसलेलं गाव घेतलं की, "ठाऊक नाही, पुढं विचारा." झालं, स्विच म्हणजे हा माणूस. एकेका गावाला आम्ही 'केस' म्हणतो. उत्तर देऊन झालं की 'ब्रेक' लिहायचा, म्हणजे बाबा, आता गप बस. आणि यादीत नसलेल्यांसाठी सगळ्यात शेवटी 'डिफॉल्ट'.

ब्रेक विसरला तर काय होतं, ते मी नोकरीच्या सुरुवातीलाच भोगलं. आठवडी बाजाराचा गेम होता. मिरची मागितली की दुकानदारानं मिरची द्यायची, लसूण मागितला की लसूण. मिरचीनंतरचा ब्रेक माझ्याकडून राहिला. त्यामुळं तो गडी मिरची देऊन थांबेचना. मिरचीमागं लसूण, लसणामागं वांगी, मग कोथिंबीर, मग झाडू, आणि एवढं सगळं पिशवीत कोंबून शेवटी म्हणायचा, "ते नाही बघा आपल्याकडं."

औशाहून एका काकांचा फोन आला. "बाई, तुमचा दुकानदार लई दिलदार हाय बगा. मिरची मागितली तर झाडू बी दिला. आन वरून म्हंतोय, न्हाई आपल्याकडं!"

"चुकलंय काका. दुरुस्त करते."

"कशाला? ऱ्हाऊ द्या की! आमच्या बाजारात कोथिंबिरीची काडी कुणी फुकट देईना आता."

सगळं ऑफिस पोट धरून हसलं, मीही हसले. ज्या चुकीवर हसता येतं ती चूक परवडली.

आमचं ऑफिस म्हणजे विष्णुपुरीच्या रस्त्याला एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालक प्रसाद. विष्णुपुरीलाच इंजिनिअर झालेला, माझ्यापेक्षा वयानं बराच लहान, मला मॅडम म्हणतो. उदगीरचा वैजनाथ चित्रं काढतो आणि गेममधल्या म्हाताऱ्यांचे आवाजही काढतो. त्याच्या घरी किराणा दुकान, घर लिंगायत, बोलताना मधूनच कानडी शब्द टाकतो. इम्रान रेकॉर्डिंगचं बघतो. मी आधी लातूरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, तिथून इकडं आले. सोमवार ते शनिवार नांदेडला भाड्याच्या खोलीत, शनिवारी संध्याकाळी लोहा-अहमदपूरमार्गे लातूरला घरी.

तर आम्ही एका गावाचा गेम करत होतो. शहरातून माणूस गावी परत येतो, शेत करतो, भांडणं मिटवतो, असा. गावाच्या वेशीवर लिंबाखाली एक म्हातारा बसलेला, तात्या. येणाऱ्या प्रत्येकाशी पहिलं बोलणं त्याचं.

प्रसादनं विचारलं, "तात्यानं आधी काय विचारायला पाहिजे?"

वैजनाथनं चित्रातून मान वर न करता उत्तर दिलं, "आडनाव."

आम्ही सगळे हसलो, कारण खोटं काय होतं त्यात? आपल्याकडं परक्या गावात उतरा, पाण्याचा तांब्या यायच्या आधी प्रश्न येतो, "कुणाचे म्हणायचे तुम्ही?" नुसतं नाव सांगून भागत नाही. आडनाव कानावर पडलं की विचारणाऱ्याच्या तोंडावर काहीतरी जागच्या जागी बसतं, आणि मग तो ठरवतो, तुम्हाला काय म्हणायचं आणि कुठं बसवायचं.

प्रसादला कल्पना एकदम पसंत पडली. "आडनावावरून तात्या बोलेल. ज्याला त्याला त्याच्या घरचं. खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे की गावानं मला ओळखलं!" त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. आणि कल्पना मलाही आवडली होती, आता नाही म्हणून उपयोग नाही.

फळ्यावर आडनावं पडायला लागली. वैजनाथ म्हणाला, "आमच्यात शरणार्थ म्हणतात, ते टाका." इम्रान म्हणाला, "सलाम टाका, पण वालेकुम आधी लावू नका, ते उत्तर असतं. लोक हसतील." मग प्रसादनं स्वतःच मार्कर उचलला. "आणि जय भीम. जय भीम नसेल तर ते गाव मराठवाड्यातलं नाहीच." त्यानंच कांबळे लिहिलं, आणि पुढं जय भीम लिहिलं. कुणी नाक मुरडलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं जे झालं त्याचा दोष मला त्या पोरांवर ढकलता येत नाही.

मग घोळाची आडनावं आली, सगळ्या समाजांत असणारी. जाधव, पवार, शिंदे. प्रसाद वैतागून म्हणाला, "सध्या राम राम ठेवू." त्यानं गायकवाड लिहिलं आणि हात थांबवून माझ्याकडं वळला. "मॅडम, तुमच्यात राम रामच ना?"

मी गायकवाड. आम्ही बौद्ध. माझ्या आजेसासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हापासून. पण गायकवाड मराठ्यांतही आहेत. नांदेडला खोली घेतली तेव्हा घरमालकीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "गायकवाड म्हणजे आपल्यातल्याच की," आणि वाटीभर भाजी हातात ठेवली. मी हसले. खोटं बोलले नाही, खरंही बोलले नाही, भाजी घेतली. ऑफिसातही तसंच होत गेलं. मनात म्हणायची, विचारलं की सांगू, विचारल्याशिवाय आपण कशाला दवंडी पिटायची? आणि आता विचारलं होतं. चांगल्या तोंडानं, मार्कर हातात धरून, मी सांगेन ते लिहून घ्यायला तयार असलेल्या पोरानं.

मी म्हटलं, "हो. राम राम."

त्यानं लिहिलं. दुपारी मी ते स्क्रिप्टमध्ये उतरवलं. केस गायकवाड, राम राम, ब्रेक. ब्रेक मात्र विसरले नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी वैजनाथनं जय भीम पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. त्याला तो नीट, मनापासून यायला पाहिजे होता. दर वेळी मला विचारायचा, "मॅडम, जमलं का? आमच्या उदगीरच्या घराशेजारचे काका म्हणतात तसं म्हणून बघितलं." तिथं हजर असलेल्यांत जमलं की नाही हे सांगू शकणारी मी एकटी. मी म्हटलं, "छान आहे." आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं.

गेम बाजारात आला. इथपर्यंत सगळं झाकलेलं होतं.

आता मामा. सासऱ्यांना मी मामा म्हणते. किसन गायकवाड, निवृत्त लाईनमन. शिरूर अनंतपाळच्या आसपासच्या गावांतल्या विजेच्या खांबांवर त्यांची सगळी नोकरी गेली. गावात शिरताना मोठ्यानं जय भीम म्हणायचं, मग खांबाला हात लावायचा, ही त्यांची रीत. कुणी जय भीम म्हणे, कुणी राम राम, कुणी दुसरीकडं बघे, कुणी नुसतंच "आला का बाबा, अंधारात बसून राहिलो ना आम्ही" म्हणे. मामांना फरक पडत नसे. लातूरला राहायला आल्यावरही तेच. दूधवाला, दवाखाना, भाजीचा गाडा, सगळीकडं जय भीम. दवाखान्यातले डॉक्टर तर आता मामांना बघून आपणहून आधी म्हणतात. चुकून लागलेल्या फोनलाही मामा आधी जय भीम म्हणतात, मग राँग नंबर सांगतात.

सुनेनं गेम केलाय ही बातमी त्यांनी सगळ्या कॉलनीत पोचवली होती. एका रविवारी सकाळी मामा आणि शेजारचे कांबळे मास्तर अंगणात खुर्च्या टाकून बसले, मधे मोबाईल. मी आत भाकरी करत होते. दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं.

मास्तरांनी आधी नाव घातलं. वैजनाथचा आवाज घुमला, "जय भीम! या, बसा."

"आरं वा!" मास्तर खुर्चीतून उठलेच असावेत. "किसनराव, हे तर आपलंच गाव निघालं!"

"मग? सून कुणाची हाय? हिकडं आणा."

मामा एकेक अक्षर शोधत नाव घालू लागले. मला पळत जाऊन मोबाईल हिसकावता आला असता. मी भाकरी थापत राहिले.

"राम राम! या, बसा."

मग मामांचा आवाज आला. ते मोबाईलला म्हणत होते, "जय भीम."

तात्या काय बोलणार? त्याला बोलायचं ते बोलून झालं होतं.

"जय भीम!" मामा पुन्हा म्हणाले, जरा वर. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्यानं म्हणाले की पलीकडच्या घरातून कुणीतरी "जय भीम!" म्हणून उत्तर दिलं.

"ह्येला ऐकू येत न्हाई वाटतं," मामा म्हणाले.

मास्तर खो खो हसत सुटले. "ऐकू बरोबर येतंय ओ! तुमाला तिकडं सामील करून घेतलंय. आता पाटील म्हनायचं का तुमाला?"

मामाही हसले. माझी तव्यावरची भाकरी करपली. तेवढ्यात मामांनी हाक मारली, "सूनबाई, तुमच्या तिथल्या पोरान्ला ठावं न्हाई बग. गायकवाड आपल्यात बी असत्यात म्हनावं. सांग त्यांला. रागं भरू नको, लेकरं हायत, चुकत्यात."

"सांगते मामा," मी आतूनच म्हटलं.

काय सांगायचं होतं? एक वाक्य. नांदेडच्या बसमध्ये मी ते वाक्य इतक्या वेळा मनात म्हटलं की लोहा आलं कधी आणि गेलं कधी, कळलं नाही. ऑफिसात गेले तर प्रसाद फोनवर होता. मग वैजनाथ चहा घेऊन आला. मग वाटलं, आज नको, उद्या. असं करता करता शनिवार आला. मामांचा फोन यायचा, "सांगितलंस का?" मी म्हणायची, "सांगितलं मामा, ते करतायत." माझी जीभ कशी वळली असेल, मला आजही कळत नाही.

आणि मग मी जे केलं ते या धंद्यातल्या माणसालाच सुचावं. गायकवाडची केस बदलली असती तर प्रसादनं विचारलं असतं, का बदललं? मग सगळंच निघालं असतं. म्हणून ती केस मी तशीच ठेवली. तिच्या आधी आणखी एक स्विच लिहिला, पूर्ण नावावर चालणारा. त्यात केस एकच. किसन गायकवाड, जय भीम, ब्रेक. म्हणजे चौकशीच्या खिडकीत एकाच प्रवाशासाठी वेगळा माणूस बसवला. क्लासमध्ये एखाद्या पोरानं असला स्विच लिहिला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. शेजारी टीप टाकली, 'चाचणीसाठी, नंतर काढणे.'

प्रसादनं बघितलं. "हे काय मॅडम?"

"टेस्टिंगसाठी."

"बरं." त्याचा माझ्यावर विश्वास होता.

पुढच्या रविवारी मामांनी गेम उघडला आणि तात्या म्हणाला, "जय भीम! या, बसा." मामांनी अंगणातूनच मास्तरांना हाक दिली. "ऐकलं का? सायबानं ऐकलं बगा! सूनबाईच्या शब्दाला वजन हाय तिथं!" त्या दिवसापासून येईल त्याला ते ऐकवायचे. भाजीवाल्याच्या कानाला मोबाईल लावला, पाहुण्यांच्या लावला, गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला टाकी खाली ठेवायच्या आत ऐकवलं. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, चला, मिटलं. खोटं कशाला सांगू, मला जरा हुशारीच वाटत होती.

अशाच एका रविवारी मी अंगणात तूर निवडत बसले होते. मामा शेजारी. म्हणाले, "आता तुझं नाव घालतो. गावात तुला बी मान मिळाला पायजे. केलाय तूच की."

"राहू द्या मामा. जेवायची वेळ झालीय."

"थांब गं."

मामांचं नाव लक्षात ठेवून घातलं होतं, आणि स्वतःचं नाव घालायचं मला सुचलंच नव्हतं. सुचलं कसं नाही, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मामांना जय भीम ऐकायचा होता. मला कुठं ऐकायचा होता?

वंदना गायकवाड. त्यांनी नाव पूर्ण केलं.

"राम राम! या, बसा."

मामांनी मोबाईलकडं बघितलं, मग माझ्याकडं. पुन्हा स्वतःचं नाव घातलं. जय भीम. पुन्हा माझं घातलं. राम राम. मग त्यांच्या मुलाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं घातलं. राम राम. लाईन कुठं तुटलीय ते खांबा-खांबावरून बघत जावं तसं ते शांतपणे बघत होते. मी तुरीत हात फिरवत बसले होते.

"ह्ये मला एकट्यालाच म्हंतंय," मामा म्हणाले.

मी तुरीतला एक खडा काढून बाजूला टाकला.

"तुझ्या सायबानं असं का केलं गं?"

"साहेबानं नाही मामा. मी लिहिलंय ते."

"राम राम बी?"

"हो. त्यांनी मला विचारलं होतं, तुमच्यात काय म्हणतात म्हणून. मी राम राम सांगितलं."

मला वाटलं आता आवाज चढेल. चढला असता तर बरं झालं असतं. मामांनी गुडघ्यावर हात टेकला, उठायच्या तयारीत. "तिथं कुणी तरास देतंय का तुला? टोचून बोलतंय का कुणी? सांग मला. मी येतो नांदेडला, बोलतो त्या सायबाशी."

या वयात ते खरंच बसमध्ये बसले असते. मला रडू फुटलं.

"कुणी काही बोलत नाही मामा. चांगली पोरं आहेत. त्यांनीच जय भीम फळ्यावर लिहिला होता."

"मग?"

या 'मग'ला भीती वाटली म्हणावं तर खोटं होतं. मामांना भीती कळली असती, त्यांनी ती बघितली होती. मी खरं ते सांगितलं. "सोयीचं पडत होतं मामा."

ते पुन्हा नीट बसले. मग म्हणाले, "फोनवर बी म्हनत न्हाईस तू. मी जय भीम म्हंतो, तू म्हंतीस, हां मामा, बोला. मला वाटायचं, माझाच कान गेलाय."

ऑफिसात त्यांचा फोन आला की मी तसंच म्हणायची. सगळे समोर असायचे ना. मामांच्या ते ध्यानात येत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी त्यांचा विचारच केला नव्हता.

"आन मला गप करायला येवढं लिवलंस व्हय?" मामा म्हणाले. माझ्या हातात मोबाईल दिला आणि आत जाऊन पडले. त्या दिवशी जेवायला उठले, पण माझ्याशी बोलले ते भाजीत मीठ बरोबर आहे एवढंच. तेवढं बोलले हेही त्यांचंच मोठेपण.

सोमवारी ऑफिसात पिशवी खाली ठेवायच्या आधी मी सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज उगाचच मोठा लागला. "मी बौद्ध आहे. आमच्यात जय भीम म्हणतात. किसन गायकवाड माझे सासरे, ती ओळ चाचणीची नव्हती."

प्रसादनं खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाला, "अहो मॅडम, मग तेव्हाच सांगायचं ना."

एवढंच. ज्या वाक्यासाठी मी बसमध्ये स्वतःचा जीव खाल्ला, म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलले, त्याचं तिथं एवढंच झालं. कुणी आकांडतांडव केलं असतं तर निदान माझ्या लपवण्याला काही किंमत आली असती. वैजनाथनं मात्र जरा वेळानं टेबलाशी येऊन विचारलं, "मॅडम, मग मी बरोबर म्हटलं होतं का?" त्याला म्हटलं, "अगदी बरोबर म्हटलं होतंस." तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

आम्ही आडनाव विचारणं काढून टाकलं. आता तात्या गप्प बसून राहतो. खेळणाराच आधी काय म्हणायचं ते निवडतो, आणि तात्या तेच परत म्हणतो. स्विच आहेच, केसही त्याच आहेत, फक्त आता तो माणसाच्या आडनावावर चालत नाही, त्यानं स्वतः काय म्हटलं त्यावर चालतो. लोकांना आवडलं. एकानं तर कळवलं की तात्या पहिल्यापेक्षा समजूतदार झालाय.

मामांना मी सांगितलं, "मामा, गेम बदललाय. आता तुम्ही म्हणाल तेच तात्या म्हणतो, कुणाचंही नाव असो."

"बरं केलंस," म्हणाले. मनापासून म्हणाले. आता त्यांचा फोन आला की मी त्यांच्या आधी जय भीम म्हणते, जागेवर बसून, सगळ्यांसमोर. तेही म्हणतात. आमच्यात अबोला वगैरे काही नाही.

पण गेम त्यांनी उघडला नाही. परवा मास्तर आले होते, आग्रह करत होते, "किसनराव, नवा आलाय म्हनं, लावा की." मी आत भांडी पुसत होते.

"नको," मामा म्हणाले. "त्यो तात्या काय मनानं म्हनत न्हाई, मास्तर. सूनबाई लिवती तेवढंच म्हंतोय."